मुंगी न येणारी खोली

वहिनी, त्या खोलीत अजूनही मुंगी येत नाही.

परवा भर दुपारी मी कुलूप काढून आत गेले. खिडकीच्या फळीवर तू ठेवलेला गुळाचा खडा तसाच आहे. पावसाळ्यात तो पाघळला, मग सुकला, आता फळीला चिकटून काळा पडलाय. त्याच्यावर माशी नाही, मुंगी नाही, चिलट नाही. बाहेर ओसरीवर माय तूर पाखडत होती आणि तिच्या सुपाभोवती माशा घोंघावत होत्या. मी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं आणि माझ्याभोवतीचं सगळं गप्प झालं. कानात पाणी गेल्यासारखं वाटलं. तू म्हणायचीस, "वंदे, अथी घडीभर बसून पाय बरं. काहीच वाजत नाही." त्या वेळी मी हसले होते. परवा बसले. खरंच काही वाजत नाही.

तुझ्यामागे घरी आलेल्या बाया तुझ्या हाताची चव आठवून रडल्या, तुझ्या स्वभावाचं कौतुक करून गेल्या. ते सगळं खरंच आहे. पण मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यात राहिलं आणि दुसरी बाजू तू घेऊन गेलीस.

तू रिठदहून दादाची बायको होऊन आलीस तेव्हा मी वाशीमला शिकत होते. वयाने आपण सारख्याच, म्हणून तुला मी 'वहिनी' म्हटलं तरी 'अहोजाहो' कधी केलं नाही. शिक्षण संपल्यावर मायला माझं लग्न उरकायचं होतं. तेवढ्यात आपल्या तालुक्यातल्या गरोदर बायांच्या तपासणीचं काम निघालं. पोटात लेकरू असताना बाईच्या अंगात फवारणीचं औषध जातं का, जातं तर लेकरापर्यंत पोचतं का, हे शोधायचं होतं. गावोगाव फिरून नमुने आणणारी मुलगी त्यांना हवी होती. माय म्हणाली, "लोकाईचं मूत वाहाले का शिकवलं हिले?" तू भाकर थापता थापता म्हणालीस, "जाऊ द्या तिले, आत्याबाई. घरचं मी पाहीन." तुझ्या त्या एका वाक्यावर मी आज उभी आहे. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात असं बोलायची रीत नाही.

पुढे तुलाच दिवस गेले तेव्हा माझ्या यादीत तू आपणहून आलीस. आपल्या मेडशीच्या बाया बाटली हातात घ्यायला लाजायच्या, आणि तू मात्र मोठ्याने विचारलंस, "काय व, हे नेऊन डॉक्टर करतात तरी काय?"

मी सांगितलं की औषध अंगात फार दिवस टिकत नाही. त्याचे तुकडे होतात आणि दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. आम्ही ते तुकडे शोधतो.

तू थोडा विचार केलास. "म्हंजे चोर पयून गेला, अन् तुमी त्याच्या चपला पाह्यता."

आमच्या डॉक्टर मॅडमना मी हे सांगितलं तर त्या कितीतरी वेळ हसत होत्या. मग मी तुला केसांचं सांगितलं. केसात मात्र ते अडकून राहतं. केस वाढत जातो तसा एकेक महिना त्याच्यात साठत जातो. मुळाजवळ आत्ताचा महिना, टोकाकडे जुने. तुझी वेणी कमरेखाली होती. ती पुढे ओढून तू म्हणालीस, "मंग अथी खाली कुठी तरी माहं लगनही असन."

दादा त्या वर्षी बदलून गेला होता. तुला दिवस गेल्यापासून त्याने फवारणीचा पंप घरी आणणं बंद केलं. औषध मारून झालं की विहिरीवर आंघोळ करायचा, कपडे तिथेच धुवायचा, आणि ओल्या धोतराने घरी यायचा. वांग्याच्या प्लॉटमध्ये तुला पाय ठेवू देत नव्हता. बाजाराची भाजी तोडायला त्याने मजूर लावले. गावातली पोरं त्याला हसायची. आपल्या घरात मात्र त्याला कोणी हसलं नाही, कारण तुझं एक लेकरू आधी पोटातच चौथ्या महिन्यात गेलं होतं, आणि त्या आठवड्यात दादा कसा झाला होता ते आपण दोघींनी पाहिलं होतं.

आणि त्याच दादाने दिवाळीनंतर तुझ्यासाठी खोली बांधली.

जुन्या घराला उधई लागली होती, वाळवीने लाकूड पोखरलं होतं. दाराच्या चौकटीवर बोट ठेवलं तर आत जायचं. नव्या खोलीला ती लागू नये म्हणून त्याने पाया खोदल्यावर बादल्या भरभरून औषध ओतलं, जमिनीखाली ओतलं, चौकटी भिजवून काढल्या. सगळ्यांनी पाहिलं. पण फवारणी म्हणजे वावरातली गोष्ट, आणि हे तर घराचं काम. आम्ही प्रत्येक बाईला विचारायचो: नवरा फवारतो का, कपडे कुठे धुता, पाणी कुठलं, पंप कुठे ठेवता. उधईबद्दलचा प्रश्न आमच्याकडे नव्हताच.

खोली सुंदर झाली होती. निळा रंग, पूर्वेला खिडकी, छताला पाळण्याची कडी. तू हिवाळ्यात तिच्यात राहायला गेलीस.

सुरुवातीला मायला त्या खोलीचा केवढा गर्व होता! आल्यागेल्याला आत नेऊन दाखवायची. "मच्छर नाही, मुंगी नाही, झुरय नाही. देवाची खोली हाय." तू मागे उभी राहून ऐकायचीस. एका दुपारी मी बाटल्या घेऊन आले तर तू दारातच बसली होतीस, आत पाठ करून. फरशीवर एक पाल उताणी पडली होती. तिचे पाय हवेत हळूहळू हलत होते, चालत असल्यासारखे. आपण दोघी बघत राहिलो. पाय थांबले तेव्हा तू म्हणालीस, "हे या खोलीत आली तेव्हा चांगली होती. मी पाह्यलं."

त्यानंतर तू गुळाचा खडा ठेवलास. रोज सकाळी उठून बघायचीस. मुंगी आली नाही.

मग तू सांगू लागलीस की तिथे झोप येत नाही. आली तर स्वप्नं तुटत नाहीत, थंडीच्या दिवसांत घामाने चोळी भिजते, डाव्या डोळ्याची पापणी आपोआप फडफडते. मी म्हटलं, गरोदरपणात होतं असं. आमच्या मॅडमही तेच म्हणाल्या, आणि कदाचित ते तसंच असेलही. आजही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण तू एक वाक्य बोललीस त्याने माझ्या अंगावर काटा आला होता. तेही दिवसाढवळ्या, तू शेंगा सोलत होतीस, हात चालूच होते.

"वंदे, त्या खोलीत कोनी तरी हाय."

"वहिनी, भूतबीत काही नसतं."

"मी भूत म्हन्लं का? मी म्हन्लं, कोनी तरी हाय."

"दिसतं का तुला?"

"नाई. पर मी श्वास घेतला का थेही घेते."

मायच्या कानावर हे गेलं. तिने अंगारा आणला, उंबरठ्यावर लिंबू कापलं, चारी कोपऱ्यांत मीठ ठेवलं. मी चिडले. तुला म्हटलं, शिकलेली बाई तू, दहावीला पहिली आलेली, घरात हे काय सुरू केलंस? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी काही तरी लहान मुलासारखं बोलले. "तू तुह्या बाटल्या भर," म्हणालीस. आपण दोन आठवडे नीट बोललो नाही. शेजारच्या वावरातून औषधाचा वारा येत असेल, असं एकदा तू म्हणालीस, आणि त्या शेजाऱ्याशी बांधावर जाऊन भांडलीसही. मी म्हटलं, सोयाबीन केव्हाच निघालं, आता तो कशाला फवारतो? त्याच्यावरूनही आपलं वाजलं.

सातव्या महिन्यात तू रिठदला माहेरी गेलीस. जाताना एसटीत चढलीस, खिडकीतून हात बाहेर काढलास आणि माझं मनगट धरलंस. "निकाल आला का पहिलं मले सांगजो. तुह्या दादाले नाई, आत्याबाईले नाई. पहिलं मले." मी हो म्हटलं. मला वाटलं, तुला तुझ्या अंगाची काळजी आहे.

रिठदला तू पुन्हा हसरी झालीस. मी नमुने घ्यायला आले तेव्हा तुझ्या आईच्या अंगणात निंबाखाली घोरत पडली होतीस, तोंडावर माशा बसत होत्या आणि तुला शुद्ध नव्हती. तुझी आरू झाली तेव्हाही मी थंड पेटी घेऊन दवाखान्यात हजर होते. नाळेचं रक्त घेतलं. तुझ्या मानेवरची केसांची बारीक बट कापली, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला. मग आरूची पहिली काळी शी मी दुपट्यावरून खरडून डबीत भरली. पोटात असताना लेकरापर्यंत जे जे पोचतं त्यातलं बरंच त्या शीत साठलेलं असतं, असं मी तुला सांगितलं. तू थकलेली होतीस, तरी लेकीचे पाय हातात धरून म्हणालीस, "ऐकलं का व पोट्टे, तुह्या आत्यानं तुही चोरीही पकडली."

श्रावणात तू परत आलीस आणि त्या खोलीत गेली नाहीस. सरळ ओसरीवर अंथरूण टाकलंस. मायने आदळआपट केली. तू शांतपणे सांगितलंस, "अथी कोनी तरी हाय, आत्याबाई. लेकराले घेऊन मी नाई निजत." भुताशी कोण वाद घालणार?

भादव्यात तुला ताप आला. मालेगावला नेलं, तिथून वाशीमला. डेंग्यू. पुढचं तुला माहीत आहे, आणि मला ते लिहायचं नाही.

तेरवी झाल्यावर मायने एकच वाक्य धरलं: "खोलीत निजली असती तं जगली असती. ओसरीवरच्या मच्छरानं नेली तिले." मी सांगून पाहिलं की डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, तू दिवसभर तर सगळीकडे वावरत होतीस. पण तिचं ऐकायला कान नव्हते. तिने दादाला पाळणा बांधायला लावला. कुठे? त्या निळ्या खोलीत, छताच्या कडीला. सून गेली, आता नात मच्छराच्या हाती देणार नाही, म्हणाली. आरू तिथे निजू लागली. दुपारी माय तिला फरशीवर पालथी घालायची. ती फरशी चाटायची, मुठी तोंडात घालायची.

आणि मग मॅडमचा फोन आला.

वहिनी, तुला पहिलं सांगायचं कबूल केलं होतं. तो क्रम मला पाळता आला नाही, कारण आरू त्या फरशीवर होती. पण तुला सांगायचं राहून जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

तुझ्या लघवीत ते तुकडे सापडले. फवारणीच्या दिवसांत थोडे, सगळ्यांच्या असतात तेवढेच. दादाने खरंच तुला वाचवलं होतं. पण हिवाळ्यात, आजूबाजूला कोणी फवारत नव्हतं तेव्हा, ते चढले आणि चढलेलेच राहिले. दोन-तीन दिवसांत निघून जाणारी गोष्ट महिनोन्‌महिने दिसते याचा अर्थ ती रोज नव्याने आत जाते. रिठदचे नमुने लागले की एकदम खाली. केसांनीही तेच सांगितलं. मॅडमनी विचारलं, "हिवाळ्यात हिच्या घरी काय बदललं?" आणि मी फोन धरून उभी राहिले, कारण मला उत्तर येत होतं. कोणतं औषध, तेही तुकड्यांवरून कळलं. उधईला ओततात तेच.

आणि आरूच्या त्या पहिल्या शीत तो हिवाळा होता. ती जन्मायच्या आधीच त्या खोलीत राहून आली होती.

तू म्हणालीस, मी श्वास घेतला की तेही घेतं. आता हे वाक्य आठवलं की मी आरूच्या छातीवर हात ठेवून बघते.

मॅडमनी बजावून सांगितलं की हा निकाल एवढंच बोलतो: औषध आत गेलं. आत जाऊन त्याने काय केलं, हे तो सांगत नाही. तुझ्या तापाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. आरूचं पुढे काय, तेही आज कोणी सांगणार नाही; तिला बघत राहायचं, आणि त्या खोलीतून आजच बाहेर काढायचं.

दादा वांग्यात होता. मी बांधावर उभी राहून हाक मारली. कसं सांगायचं ते मी मालेगावपासून घोकत आले होते, आणि त्याच्यासमोर सगळं विसरले. सरळ सांगून टाकलं.

तो खाली बसला. हातातलं वांगं त्याने मातीवर नीट ठेवलं, फुटेल अशा भीतीने.

"लेकरातही?"

"हो."

"त्यानंच गेली का थे?"

"नाही दादा. डेंग्यूने गेली. मी शपथ घेऊन सांगते."

मग जे बोलला ते मला माहीत नव्हतं. "रिठदून आली त्या दिवशी तिनं मले इचारलं होतं. असंच, च्या पेता पेता. म्हने, थे उधईचं औषध जमिनीत किती दिवस राह्यते? मी खुशीत सांगितलं, दुकानदार म्हन्ते पाच वर्षं फिकीर नाई. तिनं कप उचलला अन् गेली. त्याच सांजेले ओसरीवर निजली."

वहिनी, तुला कळलं होतं.

मी त्या बांधावर बसून सगळं मागे फिरवून पाहिलं. शंका तुला एसटीत चढतानाच असणार, रिठदच्या अंगणात गाढ झोप लागली तेव्हा ती पक्की झाली असणार. पाल आठवली असणार, गूळ आठवला असणार. आणि दादाचं उत्तर ऐकल्यावर तुझ्यापुढे एकच सवाल उरला असेल: खोली सोडायची कशी? खरं सांगितलं तर तो माणूस उभा राहिला नसता. त्याने तुझ्यासाठी स्वतःच्या हाताने बादल्या ओतल्या होत्या. म्हणून तू भुताला पुढे केलंस. हिवाळ्यात ते तुला खरंच जाणवत होतं, पण श्रावणात तू त्याला कामाला लावलंस. भूत म्हटलं की घरातल्या कोणाकडे बोट जात नाही. आणि निकाल 'पहिलं मले' का हवा होता, तेही मला आता उमगतं. तो दादापर्यंत पोचू द्यायचा की नाही, हे तुला ठरवायचं होतं.

माझं भांडण इथेच आहे. मला का नाही सांगितलंस? मी तुझ्या विश्वासातली नव्हते का? की दादा माझा भाऊ म्हणून? मी तुला वेडी ठरवत राहिले आणि तू ते अंगावर घेतलंस. शिकलेली बाई अंगारे लावते म्हणून बोलले, आणि तू वर मान करून एवढंच म्हणालीस की बाटल्या भर. मी चूक होते एवढं तरी ऐकायला थांबायचं होतंस. राग येतो तुझा. राग येतो आणि लगेच रडू येतं.

घरी आल्यावर दादा सरळ आत गेला आणि आरूला पाळण्यातून उचललं. माय आडवी झाली. "मच्छर खातीन लेकराले! एक गेली ते पुरे नाई झाली का?" दादा तिच्यासमोर थांबला. मला वाटलं, सांगताना तो कोसळेल. पण तो सावकाश म्हणाला, "माय, मुंगी जथी जगत नाई, तथी माही पोट्टी कशी जगन?" माय वळली. तिने खोलीत पाहिलं. पहिल्यांदाच ती तिथल्या शांततेकडे कान देऊन उभी राहिली असं मला वाटलं. मग पदराने तोंड झाकून खाली बसली. तिनेच तर ती खोली सगळ्या गावाला दाखवली होती.

फरशी खणू नका, माती वर आली तर आणखी पसरेल, असं मॅडमनी सांगितलं होतं. दादाला काहीतरी फोडायचं होतं, ते फोडता आलं नाही. त्याने फक्त छताची कडी कापून काढली. खिडकी उघडी ठेवून दाराला कुलूप लावलं. आरू आता मधल्या घरात मच्छरदाणीत निजते, आणि माय दिवसा पदराने वारा घालत तिच्याजवळ बसलेली असते. गेल्या आठवड्यात मी आरूची लघवी तपासायला दिली. त्यातलं औषध उतरलंय. पुरतं गेलं नाही, पण उतरलं.

आणि काल तिचं जावळ काढलं. घरात दुःख आहे म्हणून कार्य केलं नाही, पाचवा महिना टळू नये एवढंच. रिठदहून तुझा भाऊ आला, त्याच्या मांडीवर ती बसली. वस्तरा फिरला तेव्हा रडली नाही. डोळे मोठे करून सगळ्यांकडे बघत होती, अगदी तुझ्यासारखी, आता हे काय नवीन, अशा चेहऱ्याने. पोटातले केस ते. पिठाच्या गोळ्यात गोळा करून नदीला सोडायचे, म्हणून माय वाटी घेऊन बसली होती.

मॅडमनी माझ्याकडे आरूचे थोडे केस मागितले होते, जमलं तर. त्या वेळी विचारायची माझी छाती झाली नाही. पण दादाला कुठून तरी कळलं असावं. त्याने वाटीतून चिमूटभर केस उचलले आणि माझ्यासमोर धरले.

"तुह्या वयनीचे उरले हायत का तुमच्यापाशी?"

"आहेत थोडे. तपासून उरलेले. फ्रीजरमध्ये."

राखही आम्ही कधीच नदीत सोडली होती. तुझ्या अंगाचं म्हणून या जगात तेवढंच शिल्लक होतं, आणि ते त्याला आत्ता कळत होतं. त्याने ते केस माझ्या तळहातावर ठेवले, माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली.

"मंग हे तिच्याजवळ ठेवजो," तो म्हणाला.